सर्व्हरवरची घरं

पंधरा जून. काम : सर्व्हरवरची सगळी घरं उद्या दुपारपर्यंत बंद करणे.

फळ्यावर हे मीच लिहिलं होतं. माझ्या खोलीत फळ्यावर लिहिणारं आणि फळा वाचणारं दुसरं कुणी नाही. खालापूर आणि खोपोलीच्या मधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सर्व्हर सांभाळते. हुद्दा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर असा भारदस्त आहे, पण कॉलेजात मला 'नेटवाल्या मॅडम' म्हणतात. राहते कर्जतला, एकटी. आई होती तोवर दोघी होतो. लग्न केलं नाही, त्याची कारणं या लेखाच्या विषयात बसत नाहीत.

आमचं काम गावात पाणी सोडणाऱ्या माणसासारखं असतं. नळाला पाणी आलं म्हणून त्याला कुणी निरोप पाठवत नाही. आलं नाही, की सगळ्यांना त्याचं घर सापडतं. सर्व्हरची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. खिडकी नाही. एसी मात्र चोवीस तास, कारण मशीनला उकडून चालत नाही. त्यामुळे मे महिन्यात माझ्याकडे माणसं येतात, बसतात, बोलतात. एका मॅडमनी मुलीच्या लग्नाचे पेढे दोन दिवस माझ्या रॅकशेजारी ठेवले होते. जूनमध्ये हवा गार झाली की येणं बंद. मग मी आणि पंख्यांचा आवाज.

आता घरं म्हणजे काय, ते सांगते. सर्व्हर म्हणजे एक मोठा संगणक. कॉलेजातल्या प्रत्येकाची त्यावर स्वतःची जागा असते आणि आमच्या धंद्यात त्या जागेला घरच म्हणतात. शिक्षक, विद्यार्थी आपापल्या फाइली तिथे ठेवतात. त्या घरात एक ठरलेल्या नावाचा फोल्डर करायचा. त्यात जे ठेवाल ते जगाला दिसतं. कॉलेजचा पत्ता, पुढे तिरकी रेघ, मग एक नागमोडी चिन्ह आणि त्याला लागून तुमचं नाव, एवढं टाइप केलं की अमेरिकेतल्या माणसालाही तुमच्या नोट्स वाचता येतात. आपल्याकडच्या घरासारखंच समजा. पडवीत कुणीही येऊन बसावं, पण माजघरात पाहुण्याचं काम नाही. तो फोल्डर म्हणजे पडवी.

गंमत अशी, की पडवी उघडी असून भागत नाही, फाटकही उघडं लागतं. पाहुण्याला आवारातून चालत जाण्याची परवानगी द्यायची, पण वाटेत कुठे काय ठेवलंय ते बघत उभं राहण्याची नाही. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे माणसांना पटवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. रसायनशास्त्राच्या एक मॅडम एकदा तरातरा आल्या. त्यांनी आपलं पान उघडलं, तर पडद्यावर मनाई असल्याचा ठोक इंग्रजी शब्द आला होता.

"मला मनाई कुणी केली?"

"मशीननं."

"मशीनला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. पडवी झाडून ठेवलीत आणि फाटकाला कुलूप घातलंत."

"मग माणसानं कुलूप लावूच नये का?"

"लावावं. आतल्या खोल्यांना लावावं."

त्यांना ते पटलं नाही. प्राचार्यांनीच मला सांगून ही मनाई करवली, असं त्या निवृत्त होईपर्यंत समजत होत्या.

उलटं झालं ते जास्त वाईट. पडवीत दर्शनी पान ठेवलं नाही, तर सर्व्हर काय करतो? तिथे असलेल्या सगळ्या फाइलींची यादीच पाहुण्यापुढे मांडतो. एका सरांनी नोट्सच्या शेजारी दुसऱ्या दिवशीचा पेपर ठेवला होता. दर्शनी पान नव्हतं. शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, सरांचा उद्याचा पेपर दिसतोय."

"तुला कसा दिसला?"

"नोट्स घ्यायला गेले, तर सगळंच मांडून ठेवलेलं."

"उघडलास?"

"उघडला ना. मग तुमची आठवण आली."

मी ती यादी दाखवण्याची सोय सगळ्यांच्याच घरांसाठी बंद केली, पेपर बदलला गेला, प्रकरण मिटलं. ते सर माझ्याशी बोलायचे थांबले. त्यांच्या मते यादी मी दाखवली होती. त्याचं मला काही नाही. पण वर्गाला कळलं, की हिनंच जाऊन सांगितलं. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत ती मुलगी डबा खायला माझ्या खोलीत येत असे. आम्ही फारसं बोलत नव्हतो. तिचं नाव कुठे येणार नाही याची काळजी मी घ्यायला हवी होती, हे मला तिचा डबा बघून सुचलं.

आमचे शिपाई बाळारामभाऊ हे गिऱ्हाईकच वेगळं. सर्व्हर रूमची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. एक दिवस रॅककडे बघत म्हणाले, "मॅडम, या कपाटात समद्यांची घरं हायत म्हनं."

"आहेत."

"आमचं नाय."

"तुम्ही काय ठेवणार त्यात?"

"ते आमी बघू. तुमी आधी जागा तर द्या."

दिली. त्यांनी खालापूर, चौक, कर्जत आणि खोपोलीच्या एसटीच्या वेळा मला सांगून लिहून घेतल्या. वेळा एसटीच्या फलकावरच्या नव्हेत, गाडी खरोखर येते त्या. खाली एक ओळ त्यांनी हट्टानं घालायला लावली : 'गाडी नाय आली तर टमटमवाल्याशी भांडू नये.' पोरं संध्याकाळी तेच पान उघडत. एखादी वेळ बदलली की भाऊ सांगायला येत, मी दुरुस्त करत असे. माझ्याकडे ठरवून येणारा तेवढा एकच माणूस.

तर यंदा संस्थेनं एका कंपनीकडून तयार वेबसाइट घेतली. रंगीत, हलती चित्रं असलेली. मग ही जुनी घरं कशाला, असा प्रश्न निघाला, आणि प्राचार्यांनी सोळा जूनला दुपारी ती बंद करायला सांगितली. बंद करणं म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक शब्द लिहून सर्व्हर पुन्हा सुरू करणं. ज्यांना वगळायचं त्यांची नावं पुढच्या ओळीत देता येतात. बाळारामभाऊंच्या पानासाठी मी प्राचार्यांकडे शब्द टाकला.

प्राचार्य म्हणाले, "कोण बघतं ते?"

"मुलं बघतात. नाहीतर एसटी चुकते."

"मग राहू दे तेवढं एक."

बाकीच्यांना महिनाभर आधी कळवलं होतं, की आपापल्या फाइली उतरवून घ्या. बहुतेकांना आपलं असं घर आहे हेच आठवत नव्हतं. पंधरा तारखेला सकाळी फोन आला तो ठोंबरे सरांचा.

ठोंबरे सर म्हणजे या कॉलेजातला पहिला सर्व्हर ज्यांनी उभा केला ते. मूळचे इलेक्ट्रिकल लॅबचे. मी त्यांच्या हाताखाली लागले आणि मला जे येतं त्यातलं बरंचसं त्यांनी शिकवलं. घरांची ही सोयही त्यांचीच. चालते का ते बघायला पहिलं घर त्यांनी स्वतःचं केलं. निवृत्तीनंतर खोपोलीला राहतात. त्यांच्या पत्नी वारल्या. त्यांचं खातं बंद करा असं मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरी बसून ते आपल्या पानावर लिहीत. शेजारपाजारचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या त्यांच्याकडे येत. कशात काय बिघाड निघाला, कसा शोधला, हे चार-पाच ओळींत. पानाच्या तळाशी जुन्या पद्धतीचा आकडा होता, पान किती वेळा उघडलं गेलं ते दाखवणारा.

"शैला, बंद कर तू, माझी हरकत नाही," सर म्हणाले. "पण एक जण रोज वाचतो. त्याला कळवायला हवं."

"कोण वाचतो?"

"नाव तू काढ. मला आता लॉग बघता येत नाही. सकाळी फिरायला जातो तेव्हा एक आकडा असतो, आल्यावर एक जास्त. मी उघडलेलं मी वजा करतो. रोज. पावसात, दिवाळीत, कधी खाडा नाही."

मग जरा थांबून म्हणाले, "दत्ता असणार."

दत्ता त्यांचा धाकटा भाऊ. खालापूरच्या अलीकडे त्यांचं गाव, तिथेच राहतो. रस्त्याकडेची जमीन फार्महाऊसवाल्यांना द्यायची की नाही, यावरून दोघांचं फाटलं. विहीर सामाईक राहिली, बोलणं राहिलं नाही. दत्तानं नवा फोन घेतल्याचं सरांना कुणाकडून तरी कळलं, आणि आकडा रोज वाढतो हे त्यांच्या लक्षात आलं ते त्याच सुमारास.

"बोलत नाही तो. पण वाचतो," सर म्हणाले. "मी विहिरीवरच्या मोटरचं लिहिलं ना, ते त्याच्यासाठीच लिहिलं. पान दुसरीकडे हलवलं, तर नवीन पत्ता त्याला कसा द्यायचा ते तू सांग."

मी बघते म्हटलं.

लॉग म्हणजे सर्व्हरची डायरी म्हणा. कोण आलं, कुठून आलं, काय मागितलं, हे तो आपणहून नोंदवत राहतो. येणारा माणूस नावानं दिसत नाही, आकड्यांच्या पत्त्यानं दिसतो. सरांच्या पानावर अधूनमधून शोधयंत्रांचे रोबोट येऊन गेले होते. आणि रोज पहाटे सहाला एक पाहुणा. पत्ता एकच. एकशे सत्तावीसपासून सुरू होणारा.

आमच्या धंद्यात हा पत्ता पहिल्या आठवड्यात शिकवतात. कुठलाही संगणक स्वतःलाच हाक मारतो तेव्हा तो हा पत्ता वापरतो. म्हणजे बाहेरून कुणी येत नव्हतं. सर्व्हर रोज पहाटे उठून स्वतःच्याच फाटकातून आत जात होता आणि सरांचं पान वाचून परत येत होता.

ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची एक फाइल असते, तिला क्रॉन म्हणतात. ती उघडली. ओळ तिथे होती. वर सरांची टीप, त्यांच्या सवयीप्रमाणे आद्याक्षरांसह : घरं दिसतात की नाही ते रोज तपासणे, माझं पान उघडून बघणे, न उघडल्यास मला कळवणे. सोय सुरू केली तेव्हा त्यांनीच लिहिलेली. ते विसरून गेले होते. पान नेहमीच उघडत होतं, त्यामुळे त्यांना कळवायची वेळच आली नव्हती. आणि मी? जे बिघडत नाही ते मी कशाला उघडून बघेन.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. चारला सुटले ती खोपोलीच्या गाडीत बसले.

सर पडवीत बसले होते, समोर उघडा मिक्सर, कानावर स्क्रूड्रायव्हर. आतून खुर्ची आणायला उठू लागले, मी पायरीवरच बसले.

"मोटरचे ब्रश झिजलेत," मिक्सरकडे बोट दाखवत म्हणाले. "लोक मोटर जळली समजून नवा घेतात. चहा टाकू?"

"नको सर. लॉग बघितला."

"मग? दत्ताच ना? कुठला नंबर आहे, मोबाइलचा की ब्रॉडबँडचा?"

"एकशे सत्तावीस."

दुसऱ्या कुणाला हे सांगायला मला अर्धा तास लागला असता. सरांनी कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढून खाली ठेवला. पलीकडच्या घरातली बाई कुणाला तरी ओरडत होती, "ए, सायकल आत घे रं, भिजते ती."

"कुठून सुटतंय?"

"क्रॉनमधून."

"कुणी घातलंय?"

"तुमची ओळ आहे, सर. सोय सुरू केली तेव्हाची. वरच्या टिपेत तुमची आद्याक्षरं आहेत."

"मी?"

"हो."

त्यांनी मिक्सरचं भांडं उचललं, पुसलं, परत ठेवलं. "चालली की मग इतकी वर्षं," म्हणाले. "मशीन बदललीस तेव्हाही चालली?"

"चालली. सगळ्या फाइलींबरोबर ती पण नवीन मशीनवर आली."

"ओळ बरोबर लिहिली होती म्हणजे."

"बरोबर होती."

यावर आम्ही दोघंही थोडं हसलो. मग ते म्हणाले, "काढून टाक. उगाच कशाला चालू ठेवायची."

"ओळ काढते. पान राहू शकतं. बाळारामभाऊंचं ठेवतेच आहे, त्याच्यापुढे तुमचं नाव टाकायचं."

"त्याचं पान लोक बघतात. माझं कुणासाठी ठेवशील?"

मी चांगली बोलणारी बाई नाही. काहीतरी बरं वाटेल असं सांगता आलं असतं, पण सरांना ते खोटं आहे हे लगेच कळलं असतं. त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाले, आणि वळून आत गेले. दिवा लावला नाही. मिक्सर तसाच पडवीत उघडा होता.

कर्जतला येऊन मी वरण-भात केला, एका माणसापुरता करायची सवय अजून नीट लागलेली नाही, उरला तो झाकून ठेवला. टीव्ही लावला नाही. सरांचं पान मी कितीदा उघडलं असेन, पण ते दिसतं की नाही एवढंच बघायला. त्यात काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नव्हतं, हे जेवताना लक्षात आलं.

सोळा तारखेला सकाळी चहाबरोबर फोनवर सरांचं पान उघडलं आणि वरपासून वाचायला घेतलं. इस्त्री, पंखा, शेजारच्या पोराची रिमोटची गाडी. एका म्हातारीचा रेडिओ, त्यात बिघाड काहीच नव्हता, तिला सेल घालता येत नव्हते. तरी सर दर महिन्याला जाऊन तो 'दुरुस्त' करत. बरं लिहिलं होतं. मग विहिरीवरची मोटर आली. विजेच्या लाइनीची कामं झाली की कधी कधी तारा उलटसुलट जोडल्या जातात, थ्री फेजची मोटर उलटी फिरते आणि पाणी चढत नाही. त्यावर उपाय म्हणून सरांनी लिहिलं होतं : तिन्ही वायरी एकमेकींच्या जागी लावाव्या.

मी फोन लावला.

"सर, मोटरचं चुकलंय."

"कुठल्या मोटरचं?"

"विहिरीवरच्या. तिन्ही वायरी म्हटलंय तुम्ही. तिन्ही फिरवल्या तर मोटर परत उलटीच फिरणार. कोणत्याही दोन बदलायच्या."

"दोनच. मी दोनच लिहिणार. जन्मभर मुलांना दोन शिकवलं."

"लिहिलंय तिन्ही."

"तू वाच नीट."

"नीट वाचूनच फोन केलाय."

"थांब, चष्मा बघतो." बराच वेळ नुसते आवाज आले, खुर्चीचा, मग कीबोर्डचा. "तिन्हीच लिहिलंय," सर म्हणाले. "मार्चमधलं आहे हे. दत्तानं वाचलं असतं तर एवढ्यासाठी तरी फोन केला असता. माझी चूक दाखवायची संधी तो सोडत नाही."

मग त्यांनीच विचारलं,

"बाकीचं वाचलंस?"

"रेडिओपर्यंत वाचलं आणि मग हे. अजून खाली आहे."

"खाली इन्व्हर्टरचं आहे. तिथे मला स्वतःलाच खात्री नाही. बघून सांग."

"सांगते. आधी हे दुरुस्त करा."

"करतो. तू परत बघ."

कॉलेजात पोचल्यावर आधी प्राचार्यांकडे गेले आणि सांगितलं, की एकाऐवजी दोन पानं ठेवते आहे.

"दुसरं कुणाचं?"

"ठोंबरे सरांचं."

"ते कोण बघतं?"

"मी बघते."

त्यांनी मान डोलावली आणि समोरच्या कागदावर सही करत राहिले.

खाली येऊन सेटिंगची फाइल उघडली. सगळ्यांची घरं बंद, असा शब्द लिहिला. खालच्या ओळीत वगळायची दोन नावं दिली. सर्व्हर पुन्हा सुरू केला. चार-पाच घरं उघडून बघितली, बंद झाली होती. मग क्रॉनमधली सरांची ओळ पुसली. आता ते पान उघडायचं तर कुणीतरी हातानंच उघडायला हवं होतं. मी उघडलं. 'तिन्ही'च्या जागी 'कोणत्याही दोन' आलं होतं. खाली सरकले आणि इन्व्हर्टरचं वाचायला लागले.